मागून आणलेलं नाव

धुळे,
१२ जानेवारी २०२५

हमीदाभाभीस प्रमिलाचा सलाम आणि रामराम,

तुझं पत्र छगन कंडक्टरने दारात आणून दिलं. पाकिटाला शेवभाजीचा वास येत होता, म्हणजे त्याने ते जेवणाच्या डब्याखाली ठेवलेलं असणार. ललितचे पप्पा जाऊन येत्या एप्रिलमध्ये चार वर्षं होतील, पण जळगाव गाडीवरची ही माणसं अजून आपलं टपाल नेतात आणि आणतात. ललित म्हणतो, आई, फोन कर की सरळ. त्याला म्हटलं, बाबा, कापूस पिंजायच्या मशीनशेजारी जन्म काढल्यावर हमीदाभाभीला फोनवर काय ऐकू येणार? आणि तुझ्या अल्तमशने स्पीकर लावला की आपल्या दोघींचं बोलणं अख्ख्या पिंप्राळ्याला ऐकू जातं. त्यापेक्षा पत्र बरं.

इकडे सगळं ठीक. यंदा धुळ्याला थंडी चांगलीच पडली आहे. माझा गुडघा सासूसारखा झालाय, उठता-बसता बोलतो. सूनबाई, म्हणजे दिपमाला, आता कळण्याची भाकरी थापायला लागली. पहिल्या दोन कावळ्याला, तिसरी आम्हाला. पण मन लावून करते, म्हणून मी काही बोलत नाही. म्हणजे थोडंच बोलते.

परवा तिने विचारलं, तुमच्या गावात एकाच वर्षी तीन पोरांना एकच नाव कसं ठेवलं, दुसरी नावं संपली होती का? मग बसून सगळं सांगितलं. आदल्या साली गोवराने गावातले पाळणे रिकामे केले, त्यात आपल्या दोघींच्या सासवांची आणि रुपचंदबाबांच्या बायकोचीही लेकरं गेली. पुन्हा दिवस गेले, पोरं झाली, तेव्हा म्हाताऱ्या म्हणाल्या, ह्यांना आपलं म्हणू नका, मागून आणलंय म्हणा, म्हणजे नजर पडणार नाही. माझ्या सासूने पोर सुपात घातलं आणि तुझ्या सासूच्या दारात जाऊन ओंजळभर ज्वारी आणि थोडा कापूस मागितला. तुझी सासू तिचं सूप घेऊन आमच्या दारात आली. रुपचंदबाबांच्या बायकोने दोन्ही घरी मागितलं. मागून आणलेल्या पोराला दुसरं नाव कोण ठेवणार? माझी सासू ओट्यावरून "ए भिकन" अशी हाक मारायची, तर तीन गल्ल्यांतून तीन 'ओ' यायचे.

दिपमाला हसली आणि म्हणाली, पण आई, तुम्ही ते नाव कधी घेत नाही. मी म्हटलं, नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? आणि नवऱ्याचं नाही म्हणजे त्या दोघांचंही नाही. तू तरी कुठे घेतेस? आपल्या बोलण्यात ते कायम आमचे ड्रायव्हर, तुझे गादीवाले आणि रुपचंदबाबांचा डाक्टर. डाक्टर कसला, दवाखान्यात खाटा ढकलायला होता, पण गावाने त्याला पदवी देऊन टाकली.

हा डाक्टर मागच्या आठवड्यात येऊन गेला. डोळ्याचं ऑपरेशन करायचंय म्हणाला. जेवला आणि गेला. बाकी विशेष काही नाही.

तू दगडाचं लिहिलंस. शबेबारातच्या आत गादीवाल्यांच्या कबरीच्या उशाशी दगड बसवायचा आणि त्या दिवशी मी तुझ्याकडे असावं. माझं येणं कठीण दिसतं. गुडघा आहे, ललितला रजा नाही. आणि दगडाची एवढी घाई कशाला, भाभी? इतकी वर्षं थांबलीस, अजून थोडं थांब. दगडवाल्याला सांग, एवढ्यात कोरू नको म्हणून. दगडावरचं पुसता येत नाही.

त्यांच्या शेजारची जागा तू स्वतःसाठी राखून ठेवलीस आणि अल्तमशला तसं बजावलंस, हे वाचून मला कसंतरी झालं. पन्नाशीची तर आहेस. असलं बोलू नये.

अल्तमशला आशीर्वाद. वांगी पाठवलीस ती छान निघाली, भरीत केलं.

तुझी,
ड्रायव्हरची बायको
प्रमिला


धुळे,
२७ जानेवारी २०२५

हमीदाभाभी,

सलाम. तब्येतीचं आज विचारत नाही.

तुझं कार्ड मिळालं. "गुडघा दुखतो तेव्हा तू वणीच्या गडावर चढतेस. दगड थांबणार नाही. तुला काय झालंय ते लिही, नाहीतर लिहूच नको." एवढंच. सही पण नाही. तू रागावलीस की सही करत नाहीस, हे मला माहीत आहे.

लिहिते. पण हे पत्र अल्तमशसमोर उघडू नकोस. दुकानाच्या मागच्या कापसाच्या खोलीत जा, खाली बस आणि वाच.

त्या कबरीत तुझा माणूस नाही. माझा आहे.

लिहिलं एकदाचं. मागच्या पत्रातही हेच लिहायचं होतं, पण हात शेवभाजी आणि भाकरीवरच फिरत राहिला. डाक्टर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आला नव्हता. तुझ्या अल्तमशने त्याला फोन केला होता. चाचा, दगडावर तारीख घालायची आहे, मगरीबला दिवस मावळला की आमची तारीख बदलते, अब्बा नक्की सकाळी गेले की मगरीबच्या वेळी? डाक्टरला उत्तर देता येईना. भडगावहून पहिली गाडी पकडून तो माझ्याकडे आला. मी त्याला जेवायला वाढलं. दोन घास खाल्ले आणि ताटावरच रडायला लागला. म्हणाला, "वहिनी, तो दगड थांबाड. पिंप्राळाले जो शे, तो तुना शे."

मला आधी कळलंच नाही. वाटलं, म्हातारा झाला, भ्रमला.

आठव तो दिवस. दोघांनाही ताप, दोघांनाही दम. आपण दोघांना डाक्टरच्याच दवाखान्यात नेलं, म्हटलं, आपलं माणूस आहे तिथे. दोघींना गेटबाहेर ठेवलं. तुझा रोजा होता. एवढ्या उन्हात मी तुला म्हणत होते, पाणी तरी पी, पण तू ऐकलं नाहीस. संध्याकाळी पदराच्या गाठीतून खजूर काढलास आणि त्यातला अर्धा मला दिलास. आपण तिथे फुटपाथवर बसलेलो होतो तेव्हाच आत हे झालं.

ऑक्सिजनची खाट एकच रिकामी झाली. ती गादीवाल्यांना मिळाली, कागदावर त्यांचं नाव चढलं. आमच्या ह्यांना बाहेर व्हरांड्यात सतरंजीवर टाकलेलं. ह्यांचा श्वास लागायला लागला, डोळे पांढरे व्हायला लागले. गादीवाल्यांनी खाटेवरून ते पाहिलं. उठून बसले आणि डाक्टरला जे म्हणाले ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते. "याले मनी खाटवर टाक. मी बशीसन काढी लिसू. नाव एकज शे, कोन इचारस?"

आणि खरंच कोणी विचारलं नाही. डाक्टरने ह्यांना खाटेवर घेतलं आणि गादीवाल्यांना बाहेर सतरंजीवर बसवलं. कागद जिथल्या तिथे लटकत राहिले, एक खाटेला, एक व्हरांड्यातल्या खिळ्याला. नर्स त्या डोक्यापासून पायापर्यंतच्या पोशाखात यायची, खाटेशी जाऊन विचारायची, भिकन? आतला मान हलवायचा. बाहेर येऊन विचारायची, भिकन? बाहेरचाही मान हलवायचा. दोघांतला एकही खोटं बोलला नाही बघ.

दुसऱ्या दिवशी डाक्टरलाच ताप भरला आणि त्याला वरच्या मजल्यावर टाकलं. खाली काय चाललंय ते सांगणारं कोणी उरलं नाही. आणि मग दोघंही गेले, एक सकाळी, एक दिवस मावळताना. कागदाप्रमाणे गुंडाळले. तोंड दाखवायची मनाई होती, आपण दोघींनी पाया पडून विनवलं होतं, आठवतं ना? खाटेवरच्याला तुमच्या मोहल्ल्याची पोरं घेऊन गेली. व्हरांड्यातल्याला माझ्या ललितने अग्नी दिला.

डाक्टर बरा होऊन खाली आला तोवर ललित राख गिरणा नदीत सोडून आला होता. मी डाक्टरवर ओरडले, तेव्हाच का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "सांगीसन कोनं भलं व्हतं, वहिनी?" मी त्याला ताटावरून उठवायला हवं होतं. नाही उठवलं. आणखी एक भाकरी वाढली आणि मग तोंडाला येईल ते बोलले.

भाभी, मी दर आखाजीला ह्यांच्यासाठी घागर भरते. पाटावर ठेवते, वर आंबा, बाजूला ह्यांच्या आवडीचा ठेचा आणि कळण्याची भाकरी. तुझ्या माणसाला तर तिखट वर्ज्य होतं, ताकात भात कालवून खायचे. इतकी वर्षं मी त्यांना ठेचा वाढते आहे. आणि तू शबेबारातला, गेलेल्यांच्या रात्री, हलवा करून वाटतेस, तो माझ्या माणसाला. ह्यांना साखरेचा आजार. मी जन्मभर ह्यांच्या हातातली जिलेबी काढून घेतली. तुझा हलवा खरंच पोचत असेल तर एकटे तेच सुखात आहेत. हे सुचलं तेव्हा मी एकटी स्वयंपाकघरात हसत सुटले, दिपमाला घाबरून बघायला आली. मग रडले.

डाक्टर जाताना म्हणाला, "ज्या घरतून मांगेल व्हता, त्याच घर परत गया." मागून आणलेली पोरं ज्या घरची त्या घरी परत गेली, म्हणजे जणू काही चांगलंच झालं. मला त्याचं तोंड फोडावंसं वाटलं. सूप घेऊन सासवा गेल्या होत्या, आपण नाही. मी माझा माणूस कोणाला परत द्यायला काढला नव्हता आणि तूही नाही. तिघांनी आपसात वाटून घेतलं आणि गेटबाहेर बसलेल्या बायकांना कोणी विचारलं नाही.

ललितला मी सांगितलं. तो म्हणाला, आई, झाकली मूठ सव्वा लाखाची, आता कशाला? मी म्हटलं, मुठीत राख आहे आणि ती आपली नाही. खरं सांगायचं तर मीही झाकूनच ठेवणार होते. पण ती शेजारची जागा मला गिळता येईना. उद्या तुझं काही झालं आणि अल्तमशने तुझ्या शब्दाला जागून तुला माझ्या माणसाशेजारी ठेवलं, तर वर गेल्यावर मी तुला काय तोंड दाखवू?

अजून एक राहिलं. ते टाळायचं म्हणून इतकं लांबवत आले.

मी डाक्टरला विचारलं, गादीवाले खाट देत होते तेव्हा आमच्या ह्यांनी नाही म्हटलं का? निदान मान तरी हलवली का? डाक्टर ताटाकडे बघत म्हणाला, "त्यानी हात लांब कया."

हात पुढे केला, भाभी. मला घ्या म्हणून. तुझा माणूस देत होता आणि माझ्या माणसाने हात पुढे करून घेतलं. गादीवाले त्या खाटेवर राहिले असते तर आज दुकानात बसून गिऱ्हाइकाशी बोलत असते. नसतेही कदाचित, आमचे हे तर खाट मिळूनही गेले. पण ते "कदाचित" मी तुझ्यासमोर कोणत्या तोंडाने म्हणू? मी स्वतःला विचारलं, तिथे मी असते तर काय केलं असतं. मीच ह्यांचा हात धरून पुढे केला असता. आणि बाहेर येऊन तुझा अर्धा खजूर खाल्ला असता. लाज वाटते, पण हे असं आहे.

आता तू ठरव. मला एकदा त्या कबरस्तानच्या भिंतीशी उभं राहायचंय. तू आत जात नाहीस, बाहेरून फातिहा पढतेस ना, तिथेच. बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तर त्यातही तुझी चूक नाही. उत्तर छगनजवळ दे.

नेहमीची सही करायला आज हात वळत नाही.

प्रमिला


पिंप्राळा, जळगाव,
६ फेब्रुवारी २०२५

प्रमिला,

सलाम.

तू म्हणालीस तशी कापसाच्या खोलीत बसले. पिंजायची मशीन चालू ठेवूनच वाचलं, म्हणजे दुकानात कोणाला माझा आवाज गेला नाही.

आधी तुला शिव्यांचं पत्र लिहिलं होतं. ते फाडलं. मग दुसरं लिहिलं, त्यात तुला माफ केलं असं होतं. ते पण फाडलं, कारण ते खोटं होतं. तुझ्यावर राग नाही. तुझ्या माणसावर आहे. सकाळी नमाज झाली की राग येतो, दुपारपर्यंत राहतो, मग त्यांचा तो हात डोळ्यासमोर येतो आणि माझाच श्वास कोंडतो. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी फातिहा पढले. ती काही परत मागत नाही.

माझ्या माणसाची खोड मला माहीत होती. गिऱ्हाइकाने गादी नुसती दाबून पाहिली तरी हा वरून दोन मुठी कापूस घालायचा. मी भांडायचे, दुकान बुडेल म्हणायचे. तो म्हणायचा, झोपणारा दुवा देईल. आता त्याने खाट देऊन टाकली तर मला नवल काय वाटायचं? फक्त एवढंच वाटतं की देताना माझी आठवण आली होती का.

एक गोष्ट मला अजून पेलत नाही. कापसाच्या धंद्यातला माणूस, आगीला जन्मभर घाबरला. दुकानात कोणाला बिडी पेटवू दिली नाही. उदबत्तीसुद्धा बाहेर ओट्यावर. त्याला आग दिली. ललितचा दोष नाही, तो बापाला देत होता. पण रोज झोपताना मला ते दिसतं. तुला लिहिलं कारण दुसऱ्या कोणाला हे सांगता येत नाही.

अल्तमशला सांगितलं. दोन दिवसांनी तो दगडवाल्याकडे गेला. वडिलांचं नाव, आडनाव, तारीख, सगळं गाळायला सांगितलं. दगडावर आता नुसतं नाव आहे. ते तर दोघांचंही आहे. कबर तिथेच राहील, कोणी हलवणार नाही, आणि मोहल्ल्यात आम्ही कोणाला काही सांगणार नाही. शेजारची जागा मी सोडली. अल्तमशला म्हटलं, मला कुठेही ठेव, भिंतीजवळ ठेव, काय फरक पडतो.

शबेबारातला ये. गुडघा घरी ठेवून ये. भिंतीशी आपण दोघी उभ्या राहू. हलवा साखर न घालता करीन.

दुसऱ्या दिवशी मला गिरणेवर ने आणि ललितने राख कुठे सोडली ती जागा दाखव. मी ताक-भात बांधून घेईन. पाण्यावर फातिहा चालते की नाही, हे मी कोणाला विचारणार नाही. त्या खाटेबद्दल माझ्या घरात बोलू नको. मला ऐकावंसं वाटेल तेव्हा मीच विचारीन, आणि तेव्हा सगळं परत सांग.

लग्न झाल्यापासून आपण ते नाव तोंडातून काढलं नाही. नदीवर मी मोठ्याने हाक मारणार आहे. तू पण मार. डाक्टरला बरोबर आणू नकोस, नाहीतर तोच ओ देईल.

भिकनची बायको,
हमीदा